लवकर पोहोचलो तर दंड, उशिरा पोहोचलो तर?

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ
मा. अपर पोलीस महासंचालक (वाहतूक), महाराष्ट्र राज्य
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील वाहतूक देखरेख यंत्रणा



समजा, तुमच्या दोन गँट्रींमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या कमानींमध्ये, बरोबर १० किलोमीटरचे अंतर आहे. सपाटीवर मोटारीला ताशी १०० ची मर्यादा, म्हणजे हे अंतर ६ मिनिटांच्या आत कापले की नियमभंग झाला. पहिल्या गँट्रीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, वेळ टिपतो. दुसऱ्या गँट्रीवरचा तेच करतो. संगणक वजाबाकी करतो. उत्तर ५ मिनिटे आले, तर गाडी सरासरी १२० ने आली हे सिद्ध झाले. साक्षीदार नको, पंचनामा नको, हवालदाराशी हुज्जत नको. चलान मोबाइलवर येऊन पडते.

आता हीच वजाबाकी सलग सुट्ट्यांच्या एखाद्या शनिवारी सकाळी खोपोली ते खंडाळा या टप्प्यात करून बघा. उत्तर ५० मिनिटे आले, तर वाहतूक ताशी १२ किलोमीटरने सरकते आहे, हे त्याच संगणकाला त्याच क्षणी तितक्याच बिनचूकपणे कळलेले असते. त्या ज्ञानाचे पुढे काय होते? कळंबोलीला, जिथे माणसाला अजून जुन्या रस्त्याने जाता येते, चहा पिऊन तासभर थांबता येते किंवा सरळ घरी परतता येते, तिथे ते मिनिटांच्या हिशेबात, मराठीत, ट्रकवाल्यालाही दुरून वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले का नसावे?

माझे म्हणणे एवढेच आहे. जी यंत्रणा आमच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब घेते, तिने तोच हिशेब आम्हालाही द्यावा. दंडासाठी जेवढ्या तत्परतेने ती चालते, तेवढ्याच तत्परतेने तिने रस्ता चालवावा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर हे पत्र चलानाने पोळलेल्या माणसाची कुरकुर म्हणून बाजूला ठेवले जाईल. मी कॅमेऱ्यांच्या बाजूचा आहे. २०१६ साली या एका रस्त्यावर १५१ माणसे मेली. ९४.५ किलोमीटरचा रस्ता आणि १५१ प्रेते. त्याच वर्षी महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्रा यांनी मिळून 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर'चे काम हाती घेतले. दुभाजकात तारांचे अडथळे बसले, कडेला बेधडक उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लक्ष गेले, कठडे सुधारले आणि मृत्यूंचा आकडा पुढच्या काही वर्षांत बराच खाली आला. पण वेगाचे दुखणे शिल्लक होते. एका जागी लावलेल्या स्पीडगनचा उपयोग तेवढ्या जागेपुरताच. सराईत चालकाला ती जागा पाठ असते. तिथे ब्रेक लावायचा आणि दोनशे मीटरवर पुन्हा पाय दाबायचा. सरासरी वेगाच्या मोजणीने ही चलाखी संपवली. गँट्रीखाली हळू झालात तरी मधल्या उनाडपणाचा हिशेब लागतो. १९ जुलै २०२४ पासून तुम्ही हे सुरू केलेत, वेगापासून सीटबेल्टपर्यंत आणि मोबाइलपासून लेन तोडण्यापर्यंत १७ प्रकारचे नियमभंग टिपायला लागलात, हे बरेच केले. आधीच व्हायला हवे होते, पण झाले.

आता त्या पहिल्या वर्षाचा ताळेबंद बघू. माहिती अधिकारात बाहेर आलेले आणि वर्तमानपत्रांत छापून आलेले आकडे असे : साधारण वर्षभरात २७ लाखांहून अधिक ई-चलाने, दंडाची रक्कम सुमारे ४७० कोटी आणि प्रत्यक्ष वसुली ५१ कोटींच्या आसपास. नऊ रुपयांतला एक रुपया हाती आला. महसुलाच्या दृष्टीने हे अपयश आहे, पण त्याची चिंता वित्त विभागाने करावी. मला भेडसावतो तो पहिला आकडा. एकाच रस्त्यावर वर्षात २७ लाख चलाने निघत असतील, तर त्या दंडाची जरब बसलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. जरब बसली असती तर महिन्यागणिक चलाने उतरत गेली असती, आणि तो उतरता आलेख तुम्हीच कौतुकाने पत्रकारांना दाखवला असतात.

जरब का बसत नाही, याचे उत्तर दंडाच्या रकमेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला वेगासाठी १ ते २ हजार आणि मध्यम व अवजड वाहनाला २ ते ४ हजार दंड आहे. तो काही कमी नाही. पण चालकाला तो कळतो केव्हा? पुण्यात पोहोचून, जेवून, झोपून उठल्यावर. भाड्याच्या गाडीत तर चलान मालकाच्या मोबाइलवर जाते आणि चालकाला महिनाअखेरीस पगारातून कापल्यावर समजते. घाटात ज्या क्षणी तो ८० ने वळण घेत होता, त्या क्षणी त्याला कोणी काहीच बोलले नाही. तेराव्याला पोहोचलेल्या वैद्याने नाडी कितीही अचूक पाहिली तरी काय उपयोग!

याला उपाय आहे आणि त्यासाठी नवी खरेदी फारशी लागणार नाही. नंबरप्लेट वाचली गेलेली असते, वेग मोजलेला असतो. पुढच्या किलोमीटरवरच्या फलकावर त्या गाडीचा क्रमांक आणि वेग झळकवा. 'एमएच बारा अमुक तमुक, वेग ११८, सावकाश चला.' दंड होवो न होवो, शेजारच्या सीटवरची बायको आणि मागची आई हे वाचतात. मराठी घरात याहून मोठी जरब कुठली असते?

दंडाच्या बाबतीत कायद्याने तुमच्यावरही काही बंधने घातली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३६-अ आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्यात म्हटले आहे की अशा उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवे. कॅमेऱ्याची नजर असलेल्या टप्प्यापूर्वी तशी सूचना देणारे फलक हवेत. आणि नियमभंगाची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पोहोचायला हवी. या तीन अटी पाळल्याचा पुरावा प्रत्येक चलानासोबत का जोडू नये? 'या गँट्रीवरील उपकरणाचे प्रमाणपत्र अमुक तारखेपर्यंत वैध' ही एक ओळ. ती छापली की निम्मे वाद जागच्या जागी मिटतील. आपल्याकडे वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का नसेल तर भाजीवालीलाही दंड होतो. कोट्यवधींचा दंड ठरवणाऱ्या काट्यावरचा शिक्का लोकांना दिसू द्या.

ट्रकवाल्यांकडेही जरा बघा. २०२५ च्या जुलैच्या सुरुवातीला राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप पुकारला. त्यांच्या सगळ्याच मागण्या मला पटत नाहीत. वेगाची सवलत कोणालाच मिळता कामा नये, तीस टन घेऊन उतारावर येणाऱ्याला तर मुळीच नाही. पण लेनचा मुद्दा वेगळा आहे. अवजड वाहनाने डावी लेन सोडायची नाही, हा नियम बरोबरच. त्या डाव्या लेनमध्ये बोनेट उघडून एक ट्रक बंद पडलेला असेल, तर मागच्याने काय करावे? मधल्या लेनमध्ये यावे तर लेन तोडल्याचे चलान, थांबावे तर वाहतूक अडवली. अशा वेळी तिथली लेन बंद असल्याचे यंत्रणेने आधी स्वतःला सांगायला हवे, त्या टप्प्यातली लेनची चलाने आपोआप थांबवायला हवीत आणि मागच्यांना दोन किलोमीटर आधीच 'डावी लेन बंद' हे दाखवायला हवे. या तिन्ही गोष्टी एकाच माहितीवर चालतात. त्यातली नुसती चलानाची बाजू चालू ठेवणे हा अन्याय आहे, आणि तो सहसा अशा माणसावर होतो ज्याला ऑनलाइन तक्रारीचा फॉर्म भरता येत नाही.

घाटाकडे वळतो, कारण या रस्त्याचा जीव तिथे अडकला आहे. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग एकच होतात. सहा पदरी आणि चार पदरी रस्त्यांची वाहने मिळून सहा पदरांत शिरतात. वरून चढ. मालाने लादलेले ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढतात, एक दुसऱ्याला मागे टाकायच्या नादात मधला पदर धरतो, तिसरा उजवीकडे येतो, आणि मागे मोटारींची रांग लागते. २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटिशांच्या काळातला अमृतांजन पूल पाडला, तेव्हा खालच्या अरुंद वळणाचा गळफास थोडा सैल झाला. पण मूळ गणित तेच राहिले. खोपोली ते कुसगाव ही १३.३ किलोमीटरची 'मिसिंग लिंक' हे त्यावरचे स्थापत्याचे उत्तर. त्याने अंतर सहा किलोमीटरने कमी होते. पण रुंद केलेला रस्ता काही वर्षांत पुन्हा भरतो, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला शिकवायला नको. गर्दी कशी सोडायची हा प्रश्न उरतोच.

आज ती सोडतो तो महामार्ग पोलीस. सलग सुट्ट्यांच्या सकाळी पुण्याकडून मुंबईकडे येणारी वाहने दहा-पंधरा मिनिटे रोखायची, मुंबईकडून येणाऱ्यांना दोन्ही बाजूंचे पदर मोकळे करायचे, रांग थोडी ओसरली की परत पूर्ववत. बोरघाट आणि खंडाळा केंद्रांचे कर्मचारी उन्हापावसात शिट्टी आणि वॉकीटॉकीच्या बळावर हे करतात. या रस्त्यावरचे खरेखुरे वाहतूक नियंत्रण म्हणायचे तर ते हेच, आणि त्यात कॅमेऱ्यांपेक्षा हवालदाराच्या घशाचा वाटा मोठा आहे. कौतुकच आहे. पण हा निर्णय कोंडी झाल्यावर घेतला जातो. कोंडी होणार हे तासभर आधी सांगता येईल एवढी माहिती गँट्रींकडे असते : कळंबोलीहून तासाला किती गाड्या आत शिरताहेत, त्यांत ट्रक किती, खोपोलीजवळ वेग कधी घसरायला लागला. वेग ८० वरून ६० वर आणि ६० वरून ४० वर येतो तेव्हाच मागच्यांचा वेग हळूहळू उतरवला, तर कोंडीची लाट फुटत नाही. लंडनभोवतीच्या एम-२५ मार्गावर १९९५ पासून हेच करतात. पुढे गर्दी वाढली की मागे वेगमर्यादा बदलते, गाड्या थांबत-सुटत जाण्याऐवजी हळू पण सलग जातात, आणि मागून आदळण्याचे अपघातही टळतात. जपानच्या टोल मार्गांवर पुढच्या ठिकाणापर्यंत किती मिनिटे लागतील हे फलकावर दिसते. आपल्या फलकांवर मात्र सुविचार चांगले असतात.

यावर तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आता सगळ्यांकडे गूगल मॅप आहे. आहे. पण पुढे लाल रेघ का आहे, हे गूगलला माहीत नसते. ट्रक बंद पडलाय की दरड आलीय, क्रेन निघालीय की पोहोचलीय, वीस मिनिटांचे काम आहे की तीन तासांचे, हे फक्त तुमच्या नियंत्रण कक्षाला ठाऊक असते. शिवाय, शिवनेरी बसमध्ये बसलेल्या आजीने आणि नांदेडहून माल घेऊन आलेल्या चालकाने गूगलवर का विसंबावे? टोल गूगल घेत नाही. गँट्री बसवायची होती तेव्हा दुपारी १२ ते २ असे ब्लॉक तुम्ही दोन-तीन दिवस आधी वर्तमानपत्रांतून जाहीर करत होतात, पर्यायी रस्ता सांगत होतात. म्हणजे आगाऊ सांगण्याची सवय तुम्हाला आहे. कामाच्या दिवशी सांगता येते, तर कोंडीच्या दिवशीही येईल.

अपघाताच्या बाबतीत मिनिटांचा प्रश्न आणखी गंभीर होतो. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे माडप बोगद्याच्या परिसरात माजी आमदार विनायक मेटे यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. मदत किती वेळात पोहोचली यावरून तेव्हा मोठा वाद झाला. फोन कुठे लागला, ठिकाण नेमके कोणते सांगितले, कोणत्या जिल्ह्याची गाडी निघाली, यावर विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. आज आपण आठवावे ते त्या वादाचे मूळ. हा रस्ता नवी मुंबई, रायगड, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड अशा चार पोलीस हद्दींतून जातो. महामार्ग पोलिसांची केंद्रे वेगळी, ११२ वेगळा, १०८ वेगळा, महामंडळाची हेल्पलाइन वेगळी. रात्री तीन वाजता डोक्याला मार लागलेल्या माणसाने, 'आपण कोणत्या किलोमीटरवर आहोत आणि ही हद्द कोणाची', हे सांगायचे?

मेटे राज्यभर ओळखले जाणारे नेते होते म्हणून चर्चा झाली. इतरांच्या वाट्याला तीही येत नाही.

कॅमेऱ्यांच्या यंत्रणेने सगळ्यात मोठा फरक इथे पाडायला हवा. एका गँट्रीखालून गेलेली गाडी पुढच्या गँट्रीवर ठरलेल्या वेळेत आलीच नाही, तर तेवढ्यावरूनच संशयाची घंटा वाजायला हवी. रस्त्यात थांबलेले वाहन चित्रावरून आपोआप ओळखणारे तंत्र जगभर वापरात आहे. माणसाने फोन करायची वाट न बघता नियंत्रण कक्षाने स्वतः ओळखावे, ठिकाण निश्चित करावे आणि हद्दीचा विचार न करता सर्वांत जवळची गाडी पाठवावी. आणि मग चार वेळा नोंदवाव्यात : अपघात घडला किती वाजता, कक्षाला कळले किती वाजता, पहिली मदत पोहोचली किती वाजता, जखमी रुग्णालयात दाखल झाला किती वाजता. कॅमेरे असल्यामुळे पहिली वेळ आता सेकंदापर्यंत सांगता येते. पूर्वी ती अंदाजाने लिहावी लागे. प्रत्येक अपघाताच्या या चार वेळा, नावे वगळून, दर महिन्याला प्रसिद्ध करा. चलानांची संख्या कमी-जास्त झाली तर मला त्याचे फारसे काही वाटणार नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेतले अंतर किती मिनिटांनी घटले, यावर मी तुमची यंत्रणा जोखीन.

१३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडले आणि खालून जाणारे लोकही त्यात सापडले. चौघांचा जीव गेला. या रस्त्यावरून रात्रंदिवस ज्वालाग्राही आणि विषारी मालाचे टँकर जातात. रसायनी, तळोजा, पाताळगंगा ही औद्योगिक वसाहतींची नावेच त्याची साक्ष देतात. या टँकरांच्या पाठीवर आत काय आहे ते सांगणारी पाटी असते. नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याला ती पाटीही वाचायला शिकवता येईल. घाटाच्या तोंडाशीच कळले की पुढच्या दहा मिनिटांत कोणत्या मालाचे किती टँकर उतरणार आहेत, तर त्यांच्यात अंतर ठेवता येईल, आणि उलटलाच एखादा, तर अग्निशमन दलाला निघण्यापूर्वीच समजेल की पाणी मारायचे की फेस. 'मिसिंग लिंक'च्या सुमारे ९ किलोमीटरच्या बोगद्याच्या बाबतीत तर यावर तडजोड नकोच. उघड्या घाटात धूर वर जातो. बोगद्यात तो माणसांकडे येतो. तिथे आग दिसल्यावर मागची वाहने बोगद्याच्या तोंडाशी अडवायला मिनिटभरही मिळणार नाही. तो अडथळा आपोआप पडायला हवा, शिफ्टवरच्या ऑपरेटरच्या जागे असण्यावर तो सोडता येणार नाही.

एक अवांतर. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा धनगर म्हणून लोक त्याला मानतात, आणि येता-जाता ट्रकवाले, एसटीवाले त्याच्यापुढे नाणे टाकतात. त्या नाण्याची पावती कोणी मागत नाही, कारण ते श्रद्धेने दिलेले असते. फास्टॅगमधून कापलेला टोल श्रद्धेचा नाही. तो सेवेचा मोबदला आहे.

आणि मोबदल्याचा प्रश्न आता न्यायालयापर्यंत गेला आहे. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्करा टोलनाक्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने टोलवसुली थांबवली, कारण रस्त्याच्या कामांमुळे लोक तासन्‌तास अडकत होते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचेच, यांच्या पीठाने अपील फेटाळले. ६५ किलोमीटरला बारा तास लागत असतील तर माणसाने दीडशे रुपये कशाचे द्यायचे, अशा आशयाचा प्रश्न सुनावणीत विचारला गेला. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून मोटारीला ३२० रुपये पडतात. या रस्त्याच्या टोलपोटी महामंडळाने ठेकेदाराशी ८,२६२ कोटी रुपयांचा करार २०३० पर्यंतसाठी केलेला आहे. त्यामुळे 'आज टोल माफ' म्हणणे तुम्हाला सोपे नाही, हे मला कळते. पण केरळच्या निकालाने तत्त्व ठरवून दिले आहे आणि तुमच्या हातात मोजपट्टी आयती आहे. कळंबोली ते किवळे हे अंतर कापायला, समजा, तीन तासांपेक्षा जास्त वेळ लागला, तर त्या वाहनाचा टोल फास्टॅगमध्ये आपोआप परत जमा. अर्ज नको, पावती नको, आंदोलन नको. उशिराचा पुरावा ज्या गँट्रीने नोंदवला, तीच परतावाही सुरू करील. तीन तास ही माझी सूचना झाली. दोन ठेवा, चार ठेवा, पण एक आकडा ठरवून जाहीर करा.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. एक, सरासरी वेग मोजायचा म्हणजे नियम पाळणाऱ्या प्रत्येक गाडीचाही क्रमांक आणि वेळ नोंदवली जाते. कोण कधी मुंबईला गेले, कधी परतले, याची ही वहीच झाली. ज्यांनी काहीही गुन्हा केलेला नाही, त्यांच्या नोंदी तुम्ही किती दिवस ठेवता, त्या कोणाला पाहता येतात, ठेकेदाराच्या संगणकावर त्यांची प्रत असते का? माझ्या मते या नोंदी काही तासांत पुसल्या पाहिजेत. गुन्ह्याच्या तपासासाठी हव्या असतील तर पोलिसांनी लेखी मागाव्यात. दोन, यंत्रणा चालवणाऱ्या ठेकेदाराचा मोबदला कशावर ठरतो, ते करारासह संकेतस्थळावर टाका. चलानांच्या संख्येशी तो जोडलेला असेल, तर ठेकेदाराला अपघात कमी करण्यात काही रस उरत नाही. मोबदला ठरवायचाच असेल तर मदत किती मिनिटांत पोहोचली, कॅमेरे किती तास बंद होते, फलक किती वेळा चुकीचे होते, यांवर ठरवा.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा शिर्डीपर्यंतचा भाग ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसे गेली. रस्ता आधी आणि त्यावरची देखरेख मागाहून, हा क्रम तिथे झाला. मुंबई-पुणे मार्गही तसाच : २००२ साली पूर्ण झाला, कॅमेरे २०२४ ला. यापुढच्या कोणत्याही द्रुतगती मार्गाचे लोकार्पण करण्यापूर्वी नियंत्रण कक्ष महिनाभर चालवून दाखवावा, नंतर मंत्रिमहोदयांनी फीत कापावी. फीत काही पळून जात नाही.

अपघातात मदतीला धावणाऱ्या देवदूत पथकाच्या गाड्या, महामार्ग पोलिसांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या योजनेतले मृत्युंजय दूत, खोपोली-खालापूर परिसरातले दोर घेऊन दरीत उतरणारे स्वयंसेवक, ही माणसे आजही यंत्रणेच्या आधी पोहोचतात असा या भागातल्या लोकांचा अनुभव आहे. त्यांना नियंत्रण कक्षाच्या सूचना थेट मिळाव्यात, त्यांच्या मोबाइलवर अपघाताचे नेमके ठिकाण आणि कोणत्या बाजूची लेन हे एकाच वेळी जावे. त्यासाठी समिती नको. त्यांच्या क्रमांकांची एक यादी आणि एक आदेश पुरेसा आहे.

माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की अशी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता सरकारी संस्थेने स्वतः प्रसिद्ध करावी. म्हणून या पत्राबरोबर मी अर्ज जोडलेला नाही. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा एक तक्ता महामंडळाच्या संकेतस्थळावर यावा : प्रत्येक टप्प्याला प्रत्येक तासाला लागलेला सरासरी वेळ, अपघातांच्या चार वेळा, बंद असलेले कॅमेरे आणि फलक, प्रमाणपत्रांच्या तारखा, निघालेली आणि रद्द झालेली चलाने. यंत्रणा सुरू झाल्यापासूनची सगळी नोंद तुमच्याकडे आहेच, तेव्हा पहिल्या तक्त्याची सुरुवात १९ जुलै २०२४ पासून करावी.

आपला,
टोल भरणारा एक प्रवासी
पुणे